शपथपत्रावरची सही

बाई, शाळेतल्या सगळ्या मुली तुम्हाला मॅडम म्हणत. बाई म्हणणारी मी एकटीच होते, आणि तेही प्रयोगशाळेत दुसरं कोणी नसताना. एरवी आपण दोघी हिंदीतच बोलायचो, कारण चार मुलींसमोर मराठीत बोललं की त्यांना परकं वाटतं, असं तुमचं म्हणणं होतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता देवासला एका आयटीआयमध्ये छात्रवृत्तीचं काम बघते. पुण्याकडचे पाहुणे शिष्यवृत्ती म्हणतात, ते कानाला बरं वाटतं, पण माझ्या तोंडात छात्रवृत्तीच बसलेलं आहे, तुमच्याकडून आलेलं. गेल्या जुलैत एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्या टेबलापाशी आली, आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. तिचं शेवटी सांगते. आधी जे तुम्हाला माहीतच आहे ते माझ्या बाजूनं एकदा सांगू द्या.

धारच्या त्या कन्याशाळेत प्रयोगशाळेतलं एक लाकडी कपाट होतं. वरच्या फळीवर परीक्षानळ्या, खालच्या फळीवर छात्रवृत्तीचे फॉर्म. विज्ञान शिकवणं ही तुमची नोकरी होती आणि फॉर्म भरणं हे वरचं काम, पण मधल्या सुट्टीत तुमच्याभोवती जी गर्दी व्हायची ती खालच्या फळीसाठीच. नालछ्याकडच्या, होस्टेलवर राहणाऱ्या मुली जास्त. कोणाच्या गुणांच्या अंकसूचीत बापाचं नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरं, कोणाचा जन्म कुठेच लिहिलेला नाही. तुम्ही डबा उघडा ठेवून लिहीत बसायचात आणि पोळी तशीच वाळून जायची. एकदा एका मुलीचा फॉर्म मी भरत होते. ‘छात्रवृत्ती कशासाठी हवी’ या रकान्यात मी मोठं करुण काहीतरी लिहिलं, मजबूरी, दुर्भाग्य, असले शब्द घालून. तुम्ही वाचलंत आणि कागद टराटरा फाडलात. “रकान्यात रडायचं नाही. घरात किती माणसं, कमावणारं कोण, पुढे काय शिकायचंय, एवढं लिही. ही कोणाची मेहेरबानी नाही, सरकारनं ठेवलेली जागा आहे. त्या जागेवर नीट जाऊन बसायचं.” मला तेव्हा राग आला होता. इतकं सुंदर हिंदी लिहिलं होतं मी.

आमच्या घरी मात्र ती जागा दिसतच नव्हती कोणाला. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. आजोबा संस्थानच्या खासगीत होते, त्यांच्या सहीनं लोकांना वर्षासन मिळायचं, ही गोष्ट आमच्याकडे सणासुदीला सांगितली जायची. दादा मात्र एका छापखान्यात प्रूफं तपासायचे, आणि तो बंद पडल्यावर एका खासगी राममंदिरात सकाळ-संध्याकाळची पूजा करायचे. आई साड्यांना फॉल लावायची. दहावीला मी शाळेत पहिली आले आणि देवासच्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्समध्ये नंबर लागला, तेव्हा आनंद व्हायच्या आधी घरात फीचा हिशेब सुरू झाला. फी आणि होस्टेल दोन्हींची सोय होईल अशी एक छात्रवृत्ती होती, गुण आणि घरचं उत्पन्न बघून मिळणारी. त्यासाठी वडिलांच्या सहीचं शपथपत्र लागायचं, की आमचं उत्पन्न अमुक इतकंच आहे. ती सही आपल्यासमोर झाली असं शाळेनं लिहून द्यायचं, आणि मग तहसीलीतून दाखला निघायचा. दादांनी कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. “आपल्या घरात हे होत नाही,” एवढंच म्हणाले.

तुम्ही घरी आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. मी स्वयंपाकघरात आईबरोबर पोहे करतेय, आणि माझा सगळा जीव कानात आहे. बाहेरच्या खोलीत दादा तुम्हाला पाटावर नाही, आजोबांच्या खुर्चीवर बसवतात. मानात काही कमी नाही.

“बाई, आपण आलात, आनंद झाला. पण तो कागद तेवढा परत न्यावा.”

“मुलगी हुशार आहे,” तुम्ही म्हणता.

“आहे ना. इथेच कॉलेजात बी.ए. करील. आमच्या घराण्यानं दिलेलं आहे, बाई. मागितलेलं नाही.”

“मागायचं कुठेय? ज्याचं उत्पन्न कमी आणि गुण चांगले, त्याच्यासाठीच हे काढलंय. तुम्ही नाही घेतलंत तर ते पडून राहील, किंवा दुसऱ्याला जाईल.”

“म्हणजे तहसीलीत उभं राहून मी गरीब आहे असं सांगायचं?”

तुम्ही म्हणालात, “हो. एकदा सांगायचं. तुम्ही एकदा सांगितलंत तर तिला जन्मभर सांगावं लागणार नाही.”

मी पोह्यांवर शेव घालून बशी नेली तेव्हा दादा भिंतीकडे बघत होते. तुम्ही पोहे संपवलेत, आईला नमस्कार केलात, आणि जाताना मला दारात हळूच म्हणालात, “अजून आठ दिवस आहेत. घाई करू नकोस. मी पुन्हा येईन.”

मी घाई केली. दादांची सही मला पाठ होती, शाळेच्या प्रगतिपत्रकांवर वर्षानुवर्षं बघितलेली. कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून शपथपत्र टाईप करून आणलं होतंच. भर दुपारी, आई शेजारी साड्या द्यायला गेली असताना, मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दहा-बारा वेळा सही गिरवली आणि मग एका दमात कागदावर केली. दुसऱ्या दिवशी तुमच्यापुढे ठेवली.

“वडिलांनी केली?”

“हो.”

“आपणहून?”

“हो. रात्री विचार करून म्हणाले, आण इकडे.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. खूप वेळ नाही, पण बघितलंत. नियमाप्रमाणे दादांना शाळेत बोलवायला हवं होतं. माझ्यामागे दाराबाहेर नालछ्याच्या सहा मुली फॉर्म घेऊन उभ्या होत्या, तास व्हायची वेळ झाली होती. तुम्ही खाली लिहिलंत की सही माझ्यासमोर झाली, आणि आपलं नाव घातलंत. बाई, माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही तुमची सही दिलीत. आज माझ्यासमोर रोज असे कागद येतात, म्हणून मला कळतं की ते केवढं मोठं होतं. मी आजवर कोणाच्या शब्दावर अशी सही दिलेली नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पटवारी चौकशीला घरी येतो, हे मला माहीत नव्हतं. तो आला, दादांना शपथपत्र दाखवून म्हणाला, “पंडितजी, ये आपके ही साइन हैं न?” दादांनी चष्मा लावून कागद बघितला. मला हाकसुद्धा मारली नाही. दुसऱ्या दिवशी बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घालून ते शाळेत आले.

प्राचार्यांच्या खोलीत मला बोलावलंय. टेबलावर तो कागद. दादा खुर्चीवर ताठ बसलेत, तुम्ही खिडकीपाशी उभ्या आहात, हाताला खडू लागलेला, वर्गातून तशाच आलेल्या. प्राचार्य विचारतात, “ये दस्तखत किसने किए, बेटा?” मी दादांकडे बघते. मग टेबलाकडे. आणि म्हणते, “मैडम ने कहा था, कर दो।”

त्या खोलीतला पंखा आवाज करत होता. प्राचार्य तुमच्याकडे वळले. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. “हां सर,” तुम्ही म्हणालात, “मैंने ही कहा था। समय कम था। और अपने सामने बताकर लिखा भी मैंने ही। बच्ची की इसमें कोई गलती नहीं।” दादांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं आता तुम्ही अजून काहीतरी बोलाल. तुम्ही हात झटकून खडू झाडलात आणि विचारलंत, “मैं क्लास में जाऊं?”

त्यानंतर व्हरांड्यात जे झालं ते मी खांबाआडून ऐकलं. तुम्ही दादांना म्हणालात, मराठीत, “माझी चूक झाली. त्याचं जे व्हायचं ते होईल. पण तारीख परवा संपतेय. माझ्या चुकीसाठी मुलीचं वर्ष घालवू नका.” आणि निघून गेलात. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून झाल्यावर दादा आईला म्हणाले, “ती बाई. परक्या मुलीसाठी भर शाळेत मान खाली घालून उभी राहिली. आणि मी बाप आहे.” सकाळी प्राचार्यांसमोर नव्या शपथपत्रावर सही करून ते मला घेऊन तहसीलीत गेले. बाबूनं वर न बघता विचारलं, “सालाना आय?” दादा हळू बोलले. बाबू म्हणाला, “जोर से बोलो पंडितजी, सुनाई नहीं दे रहा।” दादांनी मोठ्यानं सांगितलं. रांगेतल्या दोन-तीन लोकांनी वळून बघितलं, त्यातला एक आमच्या गल्लीतला. परतताना दादा रस्त्याच्या कडेकडेनं चालत होते.

तर दाखला खरा निघाला, सही खरी होती, आणि मी देवासला गेले. पहिल्याच महिन्यात होस्टेलवर एक पार्सल आलं. पत्ता तुमच्या अक्षरात. आत ड्रॉईंगच्या तासाला लागणारा ड्राफ्टर होता, नवा कोरा, चिठ्ठी नाही. वर्गात ज्या मुलींना तो घेणं जमलं नव्हतं त्या आलटूनपालटून एकमेकींचा वापरत. मी तीन वर्षं तुमचा वापरला. पोच म्हणून एक कार्डसुद्धा टाकलं नाही. दोनदा लिहायला बसले, पण ‘ड्राफ्टर मिळाला’ या वाक्यानंतर जे दुसरं वाक्य यायला हवं होतं ते लिहायची माझी तयारी नव्हती, आणि त्याशिवाय पहिलं लिहिणं हा निर्लज्जपणा झाला असता.

सुट्टीत धारला गेले की कळायचं. तुमच्याकडून छात्रवृत्तीचं काम काढून घेतलं, लेखी ताकीद मिळाली, वर्षभरात बदली झाली, धरमपुरीच्या मिडल स्कूलला. दादा लोकांना सांगायचे, “बाई मनानं थोर, पण हाताच्या खोट्या.” वाईट हेतूनं नाही, जे घडलं असं त्यांना वाटत होतं ते न्यायानं सांगायचे. मी पानावर बसून खाली बघून जेवायचे. गल्लीत तुमचं नाव तसंच राहिलं. दादा गेले तेही तेच मानून गेले. शेवटच्या आजारात महिनाभर मी त्यांच्या उशाशी होते, रोज सांगायला वेळ होता. आईला मात्र माहीत असावं. कॅलेंडरचं ते पान मी नंतर शोधलं होतं, ते जागेवर नव्हतं. ती कधी बोलली नाही. फक्त माझ्या लग्नाच्या वेळी आमंत्रणं लिहिताना म्हणाली, “तुझ्या बाईंना एक पत्रिका घाल गं.” मी म्हटलं, पत्ता नाहीये.

डिप्लोमा झाला, इथल्या एका कारखान्यात काही वर्षं काढली, मग आयटीआयमध्ये लागले. आधी शिकवायची, हळूहळू छात्रवृत्तीचं काम माझ्याकडे आलं. मी मागून घेतलं असं म्हणणं जास्त बरोबर. आता सगळं पोर्टलवर असतं, बाई. कुटुंबाच्या नोंदीचा समग्र आयडी, आधार, खात्याची जोडणी. यंत्रं बदलली, बाकी तुमच्या कपाटापाशी होतं तेच. आयटीआयच्या मुलांना वाटतं छात्रवृत्ती कॉलेजवाल्यांना असते, वेल्डर-फिटरला कोण देणार. आईबापांना वाटतं हे कर्ज आहे, पुढे वसुलीला कोणी येईल. काहींना वाटतं फॉर्म भरला म्हणजे मिळालीच, आणि मग खात्यात काही येत नाही म्हणून बघावं तर आधारवर नाव वेगळं असतं. पैसे उशिरा येतात, तोवर पोरगी घरी बसलेली असते. आणि अजूनही एखादा बाप कागद घडी घालून परत देतो. तेव्हा मी तुमचंच वाक्य बोलते, एकदा सांगा, तिला जन्मभर सांगावं लागणार नाही. लोक म्हणतात, मॅडम, तुम्ही किती छान समजावता.

तुम्ही निवृत्त होऊन देवासला भाच्याकडे राहायला आल्यात, टेकडीच्या पायथ्याशी, हे मला वर्षभर माहीत होतं. एकदा नोव्हेंबरात बँकेत दिसलात. पेन्शनवाल्यांची रांग होती, हयातीचा दाखला द्यायला आलेल्या म्हाताऱ्यांची. तुम्ही बाकावर बसून शेजारच्या आजींचा फॉर्म भरून देत होतात. केस सगळे पांढरे, बाकी त्याच. मी दहा पावलांवर होते. पासबुक पर्समध्ये टाकलं आणि बाहेर पडले. उन्हात उभं राहून स्वतःला म्हटलं, इतक्या लोकांत कसं बोलणार, एखाद्या रविवारी घरी जाऊ. असे बरेच रविवार गेले. मग पुढच्या उन्हाळ्यात भाजीवाल्याकडे कोणीतरी म्हणालं की त्या धारच्या मास्तरीणबाई गेल्या.

आता जुलैची गोष्ट. रांगेत एक आई होती, मुलगी इलेक्ट्रिशियनला लागलेली. कागद पुढे ठेवताना ती माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, “तू वोई है न? धार वाली, फर्स्ट आई थी?” नालछ्याची, माझ्याच वर्गातली, होस्टेलवर राहणारी. माझ्या मागच्या बाकावर बसायची. तुम्ही फाडलेला तो करुण फॉर्म तिचाच होता. मी खुर्ची दिली, चहा मागवला. विचारलं, तुला तर नर्सिंगला जायचं होतं ना?

“हां, जाना तो था,” ती हसली. “पर मैडम को हटा दिया था न उस साल। फिर फारम किसी ने देखे ही नहीं। नए वाले सर बोले, तारीख निकल गई। हम छह लड़कियां थीं, सब घर चली गईं। मेरी उसी बरस शादी हो गई।” मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “मैडम ने कुछ गलत किया था बोलते हैं। मैं नहीं मानती। तू तो उनके पास रहती थी, तेरे को मालूम होगा, क्या हुआ था?”

बाई, इतकी वर्षं मी हिशेब लावत होते तो फक्त आपल्या दोघींचा. तुमची बदली, तुमचं नाव, माझी शरम. त्या सहा जणी माझ्या मनात एकदाही आल्या नव्हत्या. माझ्यामागे फॉर्म घेऊन उभ्या होत्या, मी त्यांच्या पुढे होते, आणि मागे वळून बघितलंच नव्हतं. ती उत्तराची वाट बघत होती. तिची मुलगीही. मी म्हटलं, “मैडम ने कुछ गलत नहीं किया था।” ती म्हणाली, “मैं तो पहले से बोलती थी।” पुढचं वाक्य मी पुन्हा गिळलं. मुलीचा फॉर्म भरला, खातं जोडलेलं नव्हतं तर स्वतः बरोबर जाऊन जोडून दिलं, नोव्हेंबरात तिचे पैसे आले. निघताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून आशीर्वाद दिला. मी घेतला.

हे पत्र तुमच्या भाच्याकडे द्यावं असं मनात होतं. घर माहीत आहे, ऑफिसमधून चालत दहा मिनिटांवर आहे. पण तो बिचारा काय करील याचं? त्याला धारची ती गोष्ट ठाऊकही नसेल, आणि मग मावशीबद्दल काहीतरी होतं एवढंच त्याच्याकडे उरेल. खरं तर ते त्या नालछ्याच्या मैत्रिणीकडे जायला हवं. तिचा नंबर मुलीच्या फॉर्मवर आहे. अजून लावलेला नाही. लावीन असं इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला एकदा खोटं सांगून झालेलं आहे.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. मी सोळा वर्षांची होते, दादा समोर बसले होते, भीतीनं तोंडून निघून गेलं, असं मी स्वतःला इतकी वर्षं समजावत आले. ते तसं नव्हतं, बाई. त्या खोलीत मी घाबरले नव्हते. तुम्ही नाही म्हणणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.